डावीकडचा मागचा स्पीकर

२ फेब्रुवारी

सकाळी संपादकांचा फोन. जूनचा अंक पूर्णपणे घरगुती सिनेमावर काढायचा ठरलाय आणि त्यातला मुख्य लेख माझा. चार वर्षं या विषयासाठी मी त्यांचं डोकं खातोय. सिनेमाच्या डिस्कवर आवाजाचे दोन ट्रॅक असतात. एक दाबून लहान केलेला, दुसरा स्टुडिओत होता तसाच, अख्खा. घरात बसून ऐकणाऱ्या माणसाला या दोहोंतला फरक खरोखर कळतो, की नुसतं डब्यावर लिहिलंय म्हणून कळल्यासारखा वाटतो? बारा डिस्क घ्यायच्या, प्रत्येकीचे दोन्ही ट्रॅक ऐकायचे आणि निकाल द्यायचा. मार्चच्या अंकात एका डिस्कचा नमुना, जूनमध्ये सगळं. जमलं तर छोटं पुस्तकही करू, असं ते म्हणाले.

एकवीस वर्षं सदर लिहितोय. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक होतो तेव्हा माझं नाव कुठल्या फळ्यावरही कधी लागलं नाही. पुस्तक म्हणजे मोठीच गोष्ट.

पद्धत नेहमीचीच. बाहेरच्या खोलीत पुढे तीन स्पीकर, मागे दोन, कोपऱ्यात घुमणारा खोका. सगळ्यांपासून फीत लावून मोजलेल्या जागी मधली खुर्ची. तिच्यात ही बसणार. मी यंत्राशेजारी स्टुलावर. कोणता ट्रॅक लावलाय ते हिला कळू द्यायचं नाही. ती बोलते, मी टिपून घेतो. ही अठ्ठावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. नुसत्या 'हॅलो'वरून माणूस ओळखायची, एकाला तर शिंकेवरून ओळखलं होतं. मत अर्थातच माझं असतं, पण कच्चा माल तिच्याकडून मिळतो हे मान्य करायला हवं.

तिला बातमी सांगितली. "बारा?" एवढंच म्हणाली.

५ फेब्रुवारी

दिवस मोजणीत गेला. दोन आवाजांची तुलना करायची तर आधी दोन्ही सारखेच मोठे हवेत. नाहीतर जो मोठा तोच माणसाला चांगला वाटतो. पहिल्याच डिस्कवर अख्खा ट्रॅक चार डेसिबलने चढा निघाला. असे किती जण फसले असतील.

मापकयंत्र हिचं डोकं येतं तिथे यावं म्हणून खुर्चीवर उश्यांची चळत रचली. ही दारातून बघत होती. म्हणाली, "उश्याच बसवा की. तक्रार तरी करत नाहीत."

म्हटलं, "उश्यांना कान नसतात."

हसली नाही. एरवी अशा विनोदाला हसते.

१० फेब्रुवारी

पहिली डिस्क, जंगलातल्या शोधमोहिमेचा सिनेमा. एकच प्रसंग दहा वेळा लावला, कधी हा ट्रॅक, कधी तो. पूर्वी ही दहापैकी नऊ वेळा बरोबर सांगायची. आज पाच. पाच तर नाणं उडवूनही येतात.

बरं, नुसतं चुकणं नाही. मी काही विचारलं की तोंड फिरवून बसते. मी डावीकडे स्टुलावर, आणि ही मान वळवून माझ्याकडे पाठमोरी होणार, भिंतीकडे बघत उत्तर देणार. शेवटी म्हटलं, "रुसायचं असेल तर नंतर रूस, आधी हे दहा होऊ देत." तर म्हणाली, "रुसले कुठे? ऐकतेय." भिंतीकडे बघूनच.

११ फेब्रुवारी

आज आठपैकी तीन. नाण्यापेक्षा वाईट.

१५ फेब्रुवारी

दुपारी मी बाहेर गेलो असताना कुरिअरवाला चार डिस्क घेऊन आला आणि दाराला चिठ्ठी लावून परत गेला. ही घरात. पुढच्याच खोलीत, उजव्या कुशीवर पडून वाचत होती. बेल वाजलीच नाही म्हणते. बेल मी वाजवून बघितली, ठणठणीत आहे. खालच्या मजल्यावरचे बाहेर येऊन बघून गेले.

मी बोललो थोडं. हल्ली हिचं असंच चाललंय. पाठीमागून हाक मारावी तर उत्तर नाही, दुसऱ्यांदा मारावी तर उजवीकडे वळून बघणार, मी डावीकडे उभा असताना. ऐकायचंच नसलं की कोण ऐकतं? म्हातारपणी माणसं हट्टी होतात म्हणतात. मी बासष्टीला झालो नाही, ही का व्हावी?

संध्याकाळी लेकीचा फोन. तिला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, आईशी बोलताना तिच्या समोर बसून बोलत जा ना."

म्हणजे लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाल्यावर बायकोशी कसं बोलायचं ते आता मुलगी शिकवणार. बरं म्हटलं.

२१ फेब्रुवारी

गाडी रुळावर आली. दीपगृहाचा सिनेमा. नमुना लेख याच डिस्कवर करायचा ठरवलं होतं आणि हिने आज कमाल केली.

आधी म्हणाली, "मला एकदा सगळा सिनेमा नुसता बघू द्या. मग चाचणी." ही नवीन मागणी आहे, पण मला पटली. अभ्यासू वृत्तीच म्हणायची. सकाळी बघून घेतला, दुपारी बसलो. अख्ख्या ट्रॅकवर जिना चढण्याचा प्रसंग लावला. दीपगृहाचा रखवालदार वर चढतो, डावीकडे टांगलेल्या घंटेला त्याचा खांदा लागतो, तो पुढे येतो आणि घंटा पडद्याबाहेर जाते. ही डोळे मिटून बसली होती. मी म्हटलं, "बोल."

"घंटा मागे गेली. डाव्या हाताला, मागे. अजून हलतेय. आवाज विरत जातोय पण तुटत नाही. पाठीवर कोणी थंड हात ठेवावा तसं वाटतं."

लिहून घेतलं. मग दाबलेला ट्रॅक. "इथे घंटा आहे, पण तिचा गाभा हरवलाय." तेही घेतलं. इतके दिवस मरगळ होती, ती गेली. मी म्हटलंही, "अशी बोलत जा, काय बिघडतं?" ती उठून आत गेली. दमली असावी.

६ मार्च

अंक आला. लेख पाच पानी, सोबत माझ्या खोलीचं रेखाचित्र, स्पीकरांची अंतरं सेंटिमीटरमध्ये. संपादकांनी चौकटीत मोठ्या अक्षरात वाक्य घेतलंय: 'अख्ख्या ट्रॅकवर घंटा डावीकडून मागे जाते आणि पाठीवर थंड हात ठेवल्यासारखी विरत जाते.' हिला वाचून दाखवलं. "छान लिहिलंय तुम्ही," म्हणाली.

१३ मार्च

बाजारातून येताना नको ते घडलं असतं. ही रस्ता ओलांडायला पुढे झाली आणि डावीकडून आलेली सायकल हिच्या पिशवीला घासून गेली. सायकलवाला घंटी वाजवत होता, ओरडत होता, मला वीस पावलांवरून ऐकू येत होतं. पिशवी फाटली, ही वाचली. मी सगळ्यांदेखत ओरडलो, "लक्ष कुठे असतं तुझं?"

मी तिच्या डाव्या बाजूला होतो, तर माझ्या मागून फिरून दुसरीकडे आली आणि मला आपल्या उजव्या हाताला घेऊन चालायला लागली. हे एक नवीनच खूळ. चालताना सारखी बाजू बदलते.

घरी आल्यावर मी चहा केला.

१८ मार्च

संपादकांनी एक पत्र वाचून दाखवलं. लिहिणारा दंतवैद्य आहे. वर्षानुवर्षांचा वाचक, माझ्या लेखांतल्या चुका शोधणं हा त्याचा छंद. याआधी एकदा त्याने माझं दशांशचिन्ह पकडलं होतं. आता म्हणतो, दीपगृहाच्या डिस्कवर अख्ख्या ट्रॅकमध्ये डावीकडच्या मागच्या स्पीकरातून सुरुवातीपासून शेवटपर्यंत काहीही येत नाही. डिस्क बनवतानाच राहून गेलंय. दोन प्रती तपासल्या, तीन घरांत लावल्या, तेच. शेवटचं वाक्य संपादकांनी जरा अडखळत वाचलं: 'तेव्हा लेखकमहाशयांनी ऐकलेली घंटा कुठल्या देवळातली होती, ते कृपया कळवावं.'

दात उपटणाऱ्याला दुसरं काय सुचणार? त्याच्या घरची तार सुटली असेल. उद्या तपासतो आणि सणसणीत उत्तर देतो.

१९ मार्च

तपासलं.

दीपगृहाची डिस्क, अख्खा ट्रॅक, जिन्याचा प्रसंग. यंत्रावर मागच्या दोन्ही स्पीकरांचे दिवे लागलेले. मी गुडघे टेकून डावीकडच्या मागच्या स्पीकरच्या जाळीला कान लावला. आत काही नाही. खोली सगळीकडून घुमतेय, वारा, पायऱ्या, आणि हा एक ठोकळा मुका. दाबलेला ट्रॅक लावला, त्यातून घंटा लखलखीत आली, म्हणजे तार शाबूत. परत अख्खा. परत काही नाही. दंतवैद्य बरोबर आहे. मी छापलंय त्याच्या नेमकं उलटं खरं आहे.

हिला हाक मारली. तिसऱ्या हाकेला आली. मधल्या खुर्चीत बसवलं, प्रसंग लावला.

"घंटा कुठे आहे?"

माझ्या तोंडाकडे बघत होती. "मागे," म्हणाली. "डावीकडे."

"तिथे काहीच नाहीये. स्पीकरमधून हवासुद्धा येत नाही. तू काय ऐकलंस त्या दिवशी?"

तिने पडद्याकडे बोट केलं. सिनेमा चालूच होता. मग म्हणाली, "ते बंद करा आधी." बंद केलं. "मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. एकदम काहीच नाही. गेल्या मेपासून."

यावर मी काय म्हणालो ते लिहायला हवं, कारण ही वही खोटं लिहायला ठेवलेली नाही. मी म्हणालो, "मग घंटा?"

"दिसली मला," ती म्हणाली. "सकाळी बघितलं होतं ना सगळं. तो पुढे आला म्हणजे घंटा मागे गेली असणार."

२० मार्च

डोकं ठिकाणावर नाही. एकवीस वर्षांत एक दशांशचिन्ह सोडलं तर चूक नाही. दहा महिने! दहा महिन्यांत किती लेख झाले? नऊ. त्या नऊ लेखांमधला प्रत्येक 'मागून' आणि प्रत्येक 'डावीकडून' हिने पडद्याकडे बघून रचलेला. आणि मी आपला टिपून घेतोय.

स्वयंपाकघरात गेलो आणि म्हटलं, "तू मला तोंडावर पाडलंस." तिने उजवा कान पुढे केला आणि म्हणाली, "परत सांगा." परत सांगवेना.

लेकीला फोन केला. तिला ठाऊक होतं. सप्टेंबरात आली होती तेव्हाच तिच्या लक्षात आलं, आई फोन उजव्या कानाला धरते म्हणून. अठ्ठावीस वर्षं डाव्या कानाला यंत्र लावून काम केलेली बाई फोन उजव्या कानाला धरते. दोन दिवसांत चिमुरडीने, चिमुरडी कसली, छत्तीस वर्षांची बाई, पकडलं. दोघी डॉक्टरकडे जाऊन आल्या. मला सांगितलं होतं की कापड घ्यायला चाललोय.

"मला का नाही सांगितलं?"

"आईने शपथ घातली होती. आणि बाबा, मी तुम्हाला सांगितलं होतं. समोर बसून बोलत जा म्हणून."

२२ मार्च

काल काही लिहिलं नाही. आज कपाटातून गेल्या वर्षीची वही काढली. मे महिना. ती उघडली नसती तर बरं झालं असतं. उतरवून ठेवतो, माझेच शब्द:

'१४ मे. हिच्या डाव्या कानात सकाळपासून दडा बसलाय म्हणते. मळ असेल म्हटलं. विशेषांकाच्या लेखाची आज चाचणी होती, ती लांबली.'

'१५ मे. हिला चक्कर. दिवसभर पडून. चाचणी नाही. संपादकांचे दोन फोन.'

'१६ मे. अजून पडूनच. मीच चहा-जेवण. असं कसं चालेल?'

'१७ मे. ही बसली एकदाची. पंधरा मिनिटांत उरकलं. लेख पूर्ण, सुटलो.'

त्यानंतर कानाचा उल्लेख नाही. पुढच्या सात महिन्यांच्या पानांत कुठेही नाही. मी पान न् पान बघितलं. हवा आहे, डिस्क आहेत, माझं पोट आहे. कान नाही.

२३ मार्च

जेवताना टेबलाची बाजू बदलून तिच्या उजवीकडे बसलो. तिने पाहिलं, ताट सरकवून जागा करून दिली. मला वाटलं, आता विचारावं.

"तेव्हा परत का नाही बोललीस?"

"बोलले होते की एकदा." चिडून नाही, हिशेब सांगावा तसं. "मग वाटलं, जाईल. गेलं नाही. मग वाटलं, आता सांगितलं तर म्हणाल आधी का नाही सांगितलंस. म्हणालातच."

"पण चाचण्या? नाही म्हणायचंस. दुसरं कोणी बघितलं असतं."

"दुसरं कोणी बसवलं असतं तर मी कुठे बसले असते?" ती भात चिवडत राहिली. "अहो, त्या खुर्चीत असले की तासन् तास तुम्ही माझ्या तोंडाकडे बघता. ही काय म्हणते म्हणून. बाकी दिवसभर मी काय म्हणते ते कोणाला हवं असतं?"

तिने ताट उचललं, माझंही उचललं.

२७ मार्च

हिची सहा महिन्यांची तपासणी. या वेळी मी गेलो.

आवाजबंद खोली आणि तिला काचेची खिडकी. आत ही, कानांवर यंत्र, हातात कळ. आवाज ऐकू आला की कळ दाबायची. बाहेर मी आणि चाचणी घेणारी बाई. उजवा कान झाला, कळ पटापट दाबली जात होती. मग डावा, उजव्यात नुसती खरखर सोडून, म्हणजे त्याने मदत करू नये. बाईंनी आवाज वाढवत नेला, इतका की काचेबाहेर, हिच्या कानांवरच्या यंत्रातून झिरपलेला, मला ऐकू यायला लागला. आत ही शांत बसलेली, अंगठा कळीवर, माझ्याकडे बघत. सुरुवात व्हायची वाट बघतेय असा चेहरा. मला वाटलं, काचेवर मूठ आपटावी.

डॉक्टर तरुण आहेत. म्हणाले, एका रात्रीत असा कान जातो कधीकधी, नीटसं कारण सापडत नाही. पहिल्या पंधरा दिवसांत औषध सुरू केलं तर काही जणांचा परत येतो. काही जणांचा नाही. "आल्या असत्या तर?" मी विचारलं. ते म्हणाले, "सांगता येत नाही काका. शक्यता होती एवढंच." एका कानावर दिशा कळत नाही, हेही त्यांनी समजावलं. आवाज दोन कानांना किंचित मागेपुढे पोचतो, त्यावरून डोकं दिशा ठरवतं. मी मान हलवत होतो. हे मी स्वतः लेखात लिहिलंय, आकृतीसकट.

निघताना चाचणीवाल्या बाई म्हणाल्या, "आलाच आहात तर तुमचीही करून घेऊ." मी हसत आत गेलो. पहिले आवाज ऐकू आले, कळ दाबली. मग बराच वेळ काही लागेना. यंत्र बिघडलं असावं म्हणून मी काचेबाहेर बघितलं, तर बाई दार उघडायला आल्या होत्या. चाचणी संपली होती. वरच्या पट्टीतलं मला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. वयाप्रमाणे आहे म्हणाल्या, दहा-बारा वर्षं तरी झाली असतील.

म्हणजे घंटेचा गाभा, काचेची किणकिण, पानांची सळसळ, 'चंदेरी', 'धारदार', माझ्या सदराची ओळख असलेलं सगळं. त्यातलं मला स्वतःला ऐकू आलेलं किती? येताना गाडीत मी तिच्या उजवीकडे बसलो होतो. तिने माझ्या चाचणीचा कागद वाचला, घडी घालून पर्समध्ये आपल्या कागदाशेजारी ठेवला.

३० मार्च

संपादकांना भेटून आलो. त्यांचं म्हणणं, दोन ओळींचा खुलासा टाकू: डिस्कमध्ये उत्पादनदोष होता, लेखकाकडे चाचणीसाठी आलेली प्रत वेगळी असावी. जूनचा लेख ठरल्याप्रमाणे. "वेगळी नव्हती," मी म्हटलं. "असावी म्हणतोय मी, होती म्हणत नाही," ते म्हणाले. एकवीस वर्षांचा संबंध आहे. माणूस वाईट नाही, अंक काढायचाय त्याला.

घरी येऊन लिहायला बसलो. सगळं लिहिलं. मधली खुर्ची, एक्स्चेंज, हिचे कान, माझे कान, मे महिना, काचेची खोली. चार पानं झाली. वर्षानुवर्षांत इतकं सरळ लिहिलं नव्हतं. छातीवरचा दगड उतरल्यासारखा वाटला.

१ एप्रिल

ती चार पानं हिला वाचायला दिली. मला वाटत होतं की तिला बरं वाटेल. तिचं श्रेय तिला, वाचकांसमोर.

तिने सावकाश वाचलं, चष्मा काढला.

"हे नाही छापायचं."

"का? सगळं खरं आहे."

"खरं आहे म्हणूनच. एकवीस वर्षं माझं ऐकलेलं तुमच्या नावाने छापलंत. आता माझं न ऐकू येणंही तुमच्या नावाने छापणार?"

मी म्हटलं, त्यात मी स्वतःलाच दोष दिलाय. ती म्हणाली, "हो, किती छान दिलाय. वाचून लोक म्हणतील, काय मोठा माणूस. आणि मी रस्त्याने निघाले की म्हणतील, ती बघा बहिरी." पानं माझ्यासमोर ठेवली. "तुमची चूक तुमची तुम्ही लिहा. त्यात मला बसवू नका."

दुपारभर ती पानं टेबलावर होती. मला राग आला, मग राग कशाचा ते शोधायला गेलो तर सापडेना. संध्याकाळी फाडली.

२ एप्रिल

पाठवलेलं पत्र, नोंदीसाठी:

'मार्चच्या अंकातल्या लेखाबाबत दंतवैद्यांचं म्हणणं बरोबर आहे. डिस्कमधला दोष माझ्या लक्षात आला नाही, कारण ती चाचणी मी स्वतः ऐकली नव्हती. गेल्या अनेक वर्षांतल्या चाचण्याही मी स्वतः ऐकलेल्या नाहीत. मला उंच पट्टीतले आवाज ऐकू येत नाहीत, हे मला आता कळलं. जूनचा लेख मी लिहू शकत नाही आणि सदर थांबवत आहे. वाचकांची क्षमा मागतो.'

संपादकांचा फोन आला. समजावून पाहिलं. "मग ऐकलं कोणी, असं विचारतील हो लोक," म्हणाले. म्हटलं, विचारू देत.

९ एप्रिल

जूनचा लेख दंतवैद्य लिहिणार, असं कळलं. लिहील चांगला. राहिलेल्या डिस्क त्याला पाठवून दिल्या. बांधलेला गठ्ठा एकदा परत सोडला, खोटं कशाला बोलू. पुस्तक गेलं. सकाळी उठल्यावर काय करायचं असतं तेच कळत नाही. दोनदा यंत्र चालू केलं, बंद केलं.

हिला नवीन यंत्र मिळालंय. डाव्या कानाशी येणारा आवाज पकडून उजव्यात पाठवतं. दिशा त्यानेही कळत नाही, पण बेल कळते. पहिल्या दिवशी म्हणाली, "तुम्ही चहा पिताना केवढा आवाज करता. हे मी विसरले होते." मग यंत्र काढून ठेवलं. दिवसातून दोन तास लावते. डोकं दुखतं म्हणते.

आमच्यात सगळं ठीक झालंय असं नाही. काल मी सवयीने डावीकडून बोललो, तर उठून गेली.

१६ एप्रिल

सकाळी ही खिडकीशी बसली होती, यंत्र न लावता. मी खुर्ची घेऊन तिच्या उजवीकडे बसलो. काही विचारायचं ठरवून गेलो नव्हतो.

म्हटलं, "त्या कानात आता काय असतं? शांत?"

तिने इतक्या आश्चर्याने बघितलं की मला लाज वाटली. मग म्हणाली, "शांत कुठलं. सारखा आवाज असतो. एक्स्चेंजमध्ये मोकळ्या लाइनचा यायचा ना, तसा. कोणी बोलत नाही आणि फोन ठेवलेलाही नाही."

"आत्ताही?"

"आत्ताही. तुम्ही बोलता तेव्हा जरा मागे सरतो."

"कसा असतो? एकाच सुरात, की—" आणि हात आपोआप खिशातल्या पेन्सिलीकडे गेला. तिने तो पाहिला. मी हात काढून गुडघ्यावर ठेवला.

मग ती सांगायला लागली. त्या आवाजाबद्दल, त्या चौदा तारखेच्या सकाळबद्दल, आणखी पुष्कळ मागचं, एक्स्चेंजचं, लग्नानंतरच्या पहिल्या घराचं, मला ठाऊक नसलेलं. जेवणाची वेळ टळून गेली तरी बोलत होती. काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.